अक्काची दोन बोलणी

आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या अक्काची नजर मुलाच्या तोंडावर नंतर जायची, आधी हातापायांवर. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पोराला ती मनगट धरून उजेडात वळवायची. “हे कामून सुजलंय? हे कशानं खरचटलं?” मग नाक पुसणं, केस विंचरणं. कर्नाटकातल्या कमलनगरच्या आसपासच्या खेड्यांत अशा अक्का पुष्कळ असतील, पण आमच्या अक्काच्या बोटांना सगळं कळतं, असं आम्हाला खरंच वाटायचं.

अंगणवाडी शाळेच्या आवारातच होती. सहावीत गेले तरी मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे पळायचे. भिंतीवर मुलांच्या मदतीचा सरकारी फलक होता, कन्नडमधला. अक्का तो मराठीत समजावून द्यायची आणि खालचा चार आकडी नंबर बोटांवर म्हणून घ्यायची. “कुणी मारलं, उपाशी ठेवलं, नको तिथं हात लावला, तर हा लावायचा. पैसे लागत न्हाईत. आणि भ्या वाटलं तर मला सांगायचं. मी हाय न्हवं?” तिचं ते ‘मी हाय न्हवं’ ऐकलं की मला नंबराची गरजच वाटायची नाही.

सविता माझ्या वर्गातली. आई गेल्यावर ती काका-काकूंकडे आली होती. हळूहळू तिची शाळा सुटत गेली. कधीमधी आली तर अक्का तिला उकडलेलं अंडं द्यायची, वय बसत नसतानाही. एकदा सविताची बाही वर सरकली आणि दंडावर उलथन्याचा डाग दिसला. “काकूनं दिला,” ती म्हणाली, “कुणाला सांगू नको.” मी सांगितलं. फक्त अक्काला.

अक्काचे डोळे भरून आले. “बरं केलीस, बाळ. आता माझ्यावर सोड.”

नंबर लावल्यावर येणाऱ्या सरकारी जीपची मी रोज वाट बघितली. आठ दिवसांनी बोअरवर सविताच भेटली. तिच्या दुसऱ्या दंडावरही डाग होता.

“तू अक्काला कामून सांगितलीस?” ती हळूच म्हणाली. “तिनं जाऊन काकालाच सांगितलं. समजुतीनं घ्या म्हणली.”

सविताचा काका पंचायतीचा मेंबर होता. अंगणवाडीच्या कामात त्याचा शब्द चालायचा. एवढं मलाही कळत होतं. तरी मी रडत अक्काकडे गेले. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, “घरातलं घरात मिटावं, बाळ. नंबर लावला तर पोरगी घरातून जाते. मग सून म्हणून तिला कोण करून घेतंय?”

त्या संध्याकाळी मी माझ्या वडलांच्या, अप्पांच्या फोनवरून स्वतःच नंबर लावला. अप्पा शेजारी बसले होते. मी सांगत असताना त्यांनी फक्त पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिदरहून दोन मॅडम आल्या. आधी अंगणवाडीत गेल्या. मी दाराशी उभी होते. अक्कानं मला पाहिलं होतं. पाहूनच ती म्हणाली, “असं काय न्हाई मॅडम. चुलीपाशी पोरी भाजतातच की. दारातली ही पोरगी जरा मनानं रचून सांगते.”

पुढे काकाच्या माणसांनी अप्पांना चावडीवर बोलावून वाटेल ते सुनावलं, महिनाभर आम्हाला कुणी कामाला बोलावलं नाही. ते मी विसरले. अक्काचं हे वाक्य विसरता येत नाही.

थोरल्या मॅडमनी मात्र सविताला एकटीलाच बघायचं म्हणून हट्ट धरला. सवितानं दोन्ही बाह्या वर केल्या. ती आधी बिदरच्या मुलींच्या वसतिगृहात राहिली. पुढे बालकल्याण समितीनं बसवकल्याणची मावशी शोधून तिच्या हवाली केलं. आज ती तिथल्याच दवाखान्यात नर्स आहे.

मी परत अंगणवाडीची पायरी चढले नाही. वाटेत अक्का समोर आली की ओढणी डोक्यावर घेऊन पुढे जायचे.

गेल्या वर्षी बसवकल्याणच्या स्टँडवर ती दिसली. निवृत्त झालेली, थकलेली, उमरग्याच्या बसची वाट बघणारी. सवयीनं तिनं माझं मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

“सविता हितंच असते म्हणं,” ती म्हणाली. “एकडाव भेटू दे की. माझी नोकरी गेली असती गं. भ्याले मी.”

मी बाजूला होऊन सविताला फोन लावला. अक्काचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, “तिला सांग, मला अंडी देणारी तीच होती, ते ध्यानात हाय. पण भेटायचं न्हाई.”

पहिलंच वाक्य सांगावं, असं फार मनात आलं. पण अक्काशी खोटं बोलणं माझ्यानं होईना. दोन्ही सांगितली.

“व्हय,” अक्का म्हणाली. “बराबर हाय तिचं.”

बस लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली आणि खिडकीखाली उभी राहिले. अक्का जाऊन पलीकडच्या बाजूला बसली.