स्मृतिव्याख्यानातली डुलकी

दुर्वाच्या पापण्या नेमक्या तेव्हा जड व्हायला लागतात, जेव्हा पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्यांची ओळख करून दिली जात असते. हो, अस्संच! आधी सूत्रसंचालिकेनं एका सरांना बोलावलं, मग त्या सरांविषयी चार शब्द सांगायला दुसरे सर उठले, आणि आता दुसरे सर उठलेच आहेत म्हणून त्यांनाही गुलाब द्यायला एक बाई साडी सावरत धावल्या. बाहेर भर दुपारचं ऊन, आत एसी, आणि पोटात बाबांनी निघताना बळेच खायला लावलेला वरणभात. झोप येणार नाही तर काय!

ती मनगटाला चिमटा काढते. झोपून चालणार नाही. आज तिला स्टेजवर जायचंय.

विद्यापीठाच्या या भल्यामोठ्या सभागृहात आज ‘प्राध्यापिका वत्सला सातपुते स्मृतिव्याख्यान’ आहे. वत्सला सातपुते म्हणजे दुर्वाची वत्साआत्या, बाबांची थोरली बहीण. भूगोल शिकवायची इथे. मागच्या दिवाळीनंतर गेली. तळमजल्यावरच्या एका खोलीत ती दर शनिवारी पाहुणे बोलावून खुलं व्याख्यान ठेवायची. खुलं म्हणजे दार सताड उघडं. विद्यार्थी यायचे, रिटायर झालेले आजोबा यायचे, समोरच्या चौकात हार विकणाऱ्या सरूमावशी टोपली दाराशी ठेवून पहिल्या बाकावर बसायच्या आणि ज्वालामुखीवाल्या पाहुण्यांना बेधडक विचारायच्या, “पण तुम्ही स्वतः गेलावता का तिथं?”

आत्या गेली आणि त्या खोलीला कुलूप लागलं. सुरक्षेच्या कारणास्तव म्हणे! त्याऐवजी आता वर्षातून एकदा हा समारंभ. पास असेल त्यालाच प्रवेश. आज येताना दुर्वानं बघितलंच की, फाटकावरच्या गार्डनं सरूमावशींना परत पाठवलं. त्यांनीच ओवलेले हार मात्र मघाशीच आत गेले होते. हारांना पास लागत नाही.

आणि हे सगळं घडवून आणणारे विभागप्रमुख डॉक्टर भालेकर तिच्या गालाला हात लावून म्हणाले होते, “बाळ, वर यायचं, शाल घ्यायची आणि एकच वाक्य बोलायचं. ‘आज माझ्या आत्याचं स्वप्न पूर्ण झालं.’ बस्स. तू तर वक्तृत्वात पहिली आलीयस ना?”

आलीय! दहावीतली दुर्वा यंदा अख्ख्या तालुक्यात पहिली आलीय, माइक दिसला की तिची जीभ शिवशिवते. पण हे एक वाक्य काही घशाखाली उतरेना. ती बाबांना म्हणाली, “पण हे खोटंय.” बाबा रुमालानं चष्मा पुसत राहिले. “एवढं करतायत गं तिच्या नावानं. म्हणून टाक.”

म्हणू की नको? म्हणू की नको? स्टेजवरचे सर म्हणतात, “याप्रसंगी मला आवर्जून नमूद करावंसं वाटतं...” आणि ते आवर्जून लांबत जातं, लांबत जातं, रबरासारखं...

“सरक गं जरा.”

शेजारच्या खुर्चीवर वत्साआत्या बसलीय. खुर्चीच्या पाठीवर ‘राखीव’ अशी पट्टी आहे, ती तिनं उलटी करून टाकलीय. चॉकलेटी सुती साडी, पायांत त्याच जाड चपला. आणि केस! आजारपणात गेलेले केस परत आलेत, दाट, कानामागे खोचलेले. दुर्वाला ते हात लावून बघावेसे वाटतात, पण असं कसं विचारणार? आत्याला माहीत असेल का की ती...

“मेलेय मी, माहितेय मला,” आत्या म्हणते. “तोंड मिट. आधी सांग, हा कोण बोलतोय?”

“तुझी ओळख करून देणाऱ्यांची ओळख करून देणारे.”

“माझी ओळख? मला नाही का विचारायची?” ती मान उंचावून स्टेजकडे बघते. तिथे समईशेजारी तिचाच फोटो आहे, हारांनी गळ्यापर्यंत बुडवलेला. “अगंबाई! ही कोण गोरटेली?”

“तूच.”

“मी? मला चुना फासलाय का? आणि गळ्यात मोती कुणी घातले? उभ्या आयुष्यात मी मोती घातले नाहीत.”

“कॉम्प्युटरवर घातले. भालेकर सर म्हणाले, फोटो जरा प्रसन्न हवा.”

“शी!” वत्साआत्या म्हणते, अगदी मनापासून, दुधात माशी सापडल्यासारखं.

दुर्वाला इतकं बरं वाटतं! मघापासून तिच्या पोटात हेच ‘शी’ अडकून बसलं होतं.

स्टेज आता लग्नाचा हॉल झालाय. वरच्या पाहुण्यांची पंगत बसलीय, समोर केळीची पानं, आणि पानांवर पुष्पगुच्छ. भालेकर सर पितांबर नेसून वाढतायत. “घ्या, घ्या, कुलगुरूसाहेब, संकोच करू नका.” कुलगुरू गुच्छ उचलतात आणि कागदासकट, रिबिनीसकट तोंडात घालतात. चरचर, चरचर. दाढांखाली प्लास्टिक वाजतं. हनुवटीवरून हिरवं पाणी ओघळतं आणि ते लगेच दुसऱ्या गुच्छाकडे हात करतात. पंगतीतल्या कुणालाच काही वाटत नाही. एक जण तर ढेकर देऊन म्हणतो, “सुगंधी आहे हं!”

“आत्या, मला मळमळतंय.”

“मळमळू दे. न मळमळणारे तिकडे जेवतायत.”

ती दुर्वाचा हात धरून निघते. सभागृहाचं दार उघडलं की बाहेर कॉरिडॉर असायला हवा, पण ही तर शाळेची प्रयोगशाळा आहे, आणि टेबलांवर, बेसिनमध्ये, कपाटांवर सगळीकडे शाली. लाल, किरमिजी, जांभळ्या, छताला टेकलेले ढीग. डांबरगोळ्यांचा वास नाकात असा शिरतो की डोळ्यांत पाणी येतं. ढिगांखालून बारीक आवाज येतायत. सत्कारमूर्ती... आदरणीय... आपल्या लाडक्या...

“हे कोण बोलतंय?”

“शालीच. घडी मोडली नाही की त्या बोलत राहतात.” आत्या एक ढीग लाथेनं सरकवते आणि खाली बाक सापडतो. तिच्या खोलीतला, शनिवारचा. दोघी बसतात. वासानं दोघींनीही पदर आणि रुमाल नाकाला लावलेत, त्यामुळे बोलणं गुदमरल्यासारखं येतं.

“तुला काय बोलायला सांगितलंय त्यांनी?”

दुर्वाची मान खाली जाते. “तुझं स्वप्न पूर्ण झालं म्हणून.”

“बरं. बोलून दाखव.”

“इथे?”

“वक्तृत्वात पहिली आलीस ना? मग बोल की खणखणीत.”

दुर्वा उभी राहते, खांदे ताठ करते. “आज माझ्या आत्याचं...” आणि जिभेवर काहीतरी येतं. खरबरीत. लोकरीचं. ती बोट घालून धरते, ओढते, तर शालीचं टोक! ओढते तशी शाल येतच राहते, लाळेनं भिजलेली, घशाच्या तळापासून निघालेली, आणि तिचे जरीचे काठ हिरड्या खरवडत बाहेर पडतायत. ईईई! डांबरगोळीची चव थेट पोटापर्यंत. ती ओढतेय, ढसाढसा रडतेय, पायाशी ढीग होतोय, आणि त्या ढिगातूनही आवाज यायला लागलाय, हुबेहूब तिचाच, खणखणीत, पहिल्या नंबराचा. स्वप्न पूर्ण झालं, स्वप्न पूर्ण झालं...

आत्या शांतपणे शाल कडेनं धरते आणि एका झटक्यात उरलेली ओढून काढते. मग पदरानं दुर्वाचं तोंड पुसते. पदराला खरा, नेहमीचा वास आहे, खोबरेल तेलाचा.

“मी काय बोलू मग?” दुर्वा हुंदके देत विचारते. “तूच सांग. तू सांगशील तेच बोलते.”

“मुळीच नाही.”

“का?”

“मेलेल्या बाईच्या नावावर आज तिकडे काय काय खपवतायत, बघितलंस ना? त्यात तुझी भर नको.”

“पण तुझं स्वप्न काय होतं गं खरं? तेवढं तरी सांग.”

आत्या खो-खो हसते. हसता हसता तिला ठसका लागतो. “स्वप्नं बघायला वेळ कुठे होता, पोरी? मला शनिवारचं टेन्शन असायचं! पाहुण्याला ऐन वेळी ताप यायचा, खोलीची किल्ली शिपायाच्या घरी राहायची. एकदा तर पाहुणा आलाच नाही म्हणून मीच उभी राहिले आणि मोसमी वाऱ्यांवर बोलले. त्या वेळी सरूबाई म्हणाली, बरं झालं तो नाही आला.”

“आणि शेवटी तू आभार मानायची नाहीस.”

“आभार कसले? लोक पाय मोकळे करायला उठायचे, तेवढ्यात पुढच्या शनिवारचं नाव सांगून टाकायचं. नाव नसलं ठरलेलं, तर त्यांनाच विचारायचं. कोण बोलणार, सांगा. मगच दिवे बंद.” ती इकडेतिकडे बघते. शालींचे ढीग आता खिडक्यांवर चढलेत, उजेड किरमिजी झालाय. “चल, ऊठ. मला इथे बसवत नाही. घाण वास येतोय.”

“आत्या, थांब ना. केसांना हात लावू दे.”

“लाव.”

दुर्वा हात पुढे करते. केस गार आहेत, नुकते धुतल्यासारखे.

“दुर्वे! अगं, ऊठ! तुझं नाव पुकारलंय!”

बाबा. दंडाला धरून हलवतायत. टाळ्या चालू आहेत. शेजारच्या खुर्चीवर ‘राखीव’ची पट्टी जिथल्या तिथे, खुर्ची रिकामी. दुर्वा धडपडत उठते, पायऱ्या चढते. वर पाहुणे गुच्छ मांडीवर घेऊन बसलेत. त्यांच्या तोंडांकडे बघायची तिची हिंमत होत नाही. भालेकर सर तिच्या खांद्यांवर शाल टाकतात, साधी, एकरंगी, काठही नाहीत. मग तिला हलकेच माइकसमोर उभं करतात. “बोल बाळ.”

“आज माझ्या आत्याचं...”

काहीतरी टोचतं. दाढेपाशी. ती जिभेनं चाचपते, जात नाही. शेवटी सगळ्यांदेखत दोन बोटं तोंडात घालते आणि ओढते. एक धागा निघतो. ओला, सोनेरी, जरीचा.

“शी!”

माइक तोंडासमोरच असतो. ते ‘शी’ सभागृहाच्या चारही भिंतींना आपटून परत येतं. पहिल्या रांगेतल्या टाळ्या हवेतच थांबतात. कुलगुरू मोबाइलवरून मान वर करतात.

भालेकर सर हसरा चेहरा ठेवून कुजबुजतात, “स्वप्न पूर्ण झालं... स्वप्न पूर्ण...”

“मला ते नाही म्हणायचं, सर,” दुर्वा म्हणते, आणि हेही माइकवरच ऐकू जातं. “मला विचारायचंय. पुढच्या शनिवारी कोण बोलणार आहे?”

“बाळ, असं काही आपल्या कार्यक्रमपत्रिकेत...”

“आणि सरूमावशींना आत सोडणार का?”

भालेकर सर कार्यक्रमपत्रिका चाळायला लागतात. मग पहिल्या रांगेत खुर्ची करकरते. बाबा उभे राहिलेत, चष्मा हातात, डोळे ओले.

“सांगा ना, सर,” ते म्हणतात. “आम्ही थांबलोय.”

दुर्वा माइकपासून हलत नाही. ओला धागा तिनं बोटाला घट्ट गुंडाळलाय, आणि बोट लाल होत चाललंय.