दुसऱ्या गाडीत

दिल्लीला जायचं भावाच्या मनात बरेच दिवस होतं. पनवेलच्या दारातून आता थेट विमान मिळतं म्हटल्यावर भावजयीने लगेच तारखा काढल्या. त्यांची लेक, जावई आणि नात येणार हे ठरलेलंच होतं. माझा विषय शेवटी निघाला. "ताई, तुम्हीपण चला. इथे एकट्या काय करणार?"

भावाच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर मी राहते. लग्न राहून गेलं, शाळेतली नोकरी संपली. आई होती तोवर घरात बोलणं होतं. मी हो म्हटलं.

विमानतळ झालाय तिथे आमचं गाव होतं. डोंगर कापला, नदी वळवली, खाजणात भराव टाकला आणि आम्ही सगळे उठून पनवेलच्या बाजूला आलो. विमान धावपट्टीवर आलं तेव्हा देऊळ कुठे असेल, विहीर कुठे असेल, याचा मी खिडकीतून अंदाज घेत होते. काही लागेना. गावात आम्ही सगळं त्या डोंगरावरून ओळखायचो, आणि डोंगरच नव्हता. भाऊ शेजारी होता. मी म्हटलं, "आपलं घर इथंच कुठंतरी असेल, नाही?"

त्याने डोळे मिटून घेतलेले होते. झोप लागली की तो घोरतो. तेव्हा घोरत नव्हता.

दिल्लीत आम्ही दोन गाड्या केल्या होत्या. एकीत भाऊ-भावजय, दुसरीत लेक, जावई आणि नात. मी जिथे जागा असेल तिथे. सकाळी या गाडीत, जेवणानंतर त्या. पिशव्या फार झाल्या की इकडची तिकडे. कुणी मला कमी लेखत नव्हतं. जावई तर दर वेळी खाली उतरून दार उघडायचा. पण गाडी सुरू झाली की त्यांचं आपापसातलं बोलणं सुरू व्हायचं, आणि मी बाहेरच्या पाट्या वाचत बसायचे.

लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला. तिसऱ्या दिवशी पुराना किल्ला. पांडवांची राजधानी हीच, असं भावाने कुठेतरी ऐकलं होतं, त्यामुळे इथे तो सगळ्यांच्या पुढे. मोठ्या दरवाजातून आत गेलं की नुसती हिरवळ, कडेला झाडं, लांबवर एक मशीद. जावयाने एक वाटाड्या केला होता. तो राजे, बादशहा, कोण कुठून पडलं ते सांगत चालला होता. मधेच हिरवळीकडे हात करून म्हणाला, "यहाँ अंदर पूरा गाँव बसा हुआ था. अंग्रेज़ों ने नई दिल्ली बनाई, तब हटा दिया."

मी विचारलं, "वो लोग कहाँ गए?"

तो थांबला. "यहीं कहीं आसपास गए होंगे, मैडम." आणि मशिदीच्या नक्षीकडे वळला.

मी भावाकडे पाहिलं. तो नातीच्या बुटाची नाडी बांधत होता. ऐकलं की नाही, कळलं नाही.

ते सगळे पुढे गेले. मी म्हटलं, येते मागून. नातीला खेळायला माझा मोबाइल हवा होता, तो तिच्याकडेच होता. मी एका दगडी कठड्यावर बसले आणि त्या हिरवळीवर घरं मांडायला लागले. गल्ली इथून गेली असेल. पाणी भरायला बायका त्या उतारावर. कुणाच्या तरी ओट्यावर वाटाणे सोलायला बसलेली म्हातारी. मला त्यांच्या गावाकडच्या बोलीतलं काही येत नव्हतं, म्हणून त्या सगळ्या माझ्या मनात आमच्यासारख्याच बोलत होत्या. "आगो, येतंस का पान्याला?" असं. आमच्या गल्लीत ही हाक दिवसातून कितीदा यायची. ती शेवटची कधी ऐकली, ते काही केल्या आठवेना.

भानावर आले तेव्हा मशिदीकडे आमच्यातलं कुणी नव्हतं. दरवाजाशी नव्हतं. बाहेर गाड्या उभ्या केल्या होत्या तिथे दुसऱ्याच गाड्या होत्या. आधी वाटलं, मीच जागा चुकले. मग कळलं. या गाडीला वाटलं असणार, मी त्या गाडीत आहे, आणि त्या गाडीला वाटलं असणार, या.

भीती वाटली नाही, असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त लाज वाटली. मुलं हरवतात. साठी उलटलेली बाई हरवत नाही.

फाटकाशी एक पहारेकरी बाई होती. तिला सांगितलं. तिने स्वतःचा फोन पुढे केला. "नंबर बोलिए."

नंबर कुठला सांगू? भावाचा पाठ नाही, भाचीचा नाही. सगळे मोबाइलमध्ये. पाठ होता तो गावच्या घरचा, तो घराबरोबर गेला. उरला माझा स्वतःचा. तोच सांगितला. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, पण लावला.

पलीकडे नातीचा आवाज. "हॅलो, कोण?"

"बाळा, मी आत्याआजी."

"आत्याआजी इथे नाहीये," ती म्हणाली. "ती दुसऱ्या गाडीत आहे." आणि फोन ठेवला.

पहारेकरी बाईने विचारलं, "क्या बोले?" मला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. तिने काही न विचारता पुन्हा लावला. या वेळी भाचीने घेतला. "आत्या? अगं, पण तू... पप्पांच्या गाडीत नाहीस?" मागे जावयाचा आवाज, मग एकदम सगळ्यांचा गोंधळ.

पहारेकरी बाईने मला तिच्या खुर्चीत बसवलं आणि ती उभी राहिली.

आधी भावाचीच गाडी आली. थांबायच्या आत तो उतरला. चेहरा लालबुंद. गावाबाहेर पडल्यापासून तो सगळ्यांशी शहरातलं बोलतो, घरातसुद्धा. पण तिथे रस्त्यावर ओरडला, "कुठं व्हतीस तू? आमी किती घाबरलो, म्हायती हाय तुला?"

"हितंच व्हते," मी म्हटलं. माझ्याही तोंडातून तसंच आलं.

गाडीत त्याने मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. भावजय मागून पुन्हापुन्हा माफी मागत होती. बरंच अंतर गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "काय बघत बसलीवतीस एवढं?"

"गाव."

"कुठलं?"

"इथलं. तो वाटाड्या सांगत नव्हता का?"

मला वाटलं, आता भाऊ बोलेल. एखादं वाक्य तरी, आपल्या घराचं, आईचं. मी वाट बघितली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने ड्रायव्हरला विचारलं, जेवायला चांगली जागा कुठली?

जेवताना नातीने फोनवर काय सांगितलं ते भाचीने सांगितलं आणि टेबलभर हसू फुटलं. भाऊ सगळ्यात जास्त हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, हे मला दिसत होतं. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

परत आल्यावर हा किस्सा सगळीकडे पोचला. मागच्या महिन्यात नात्यातल्या एका हळदीला मांडवात भावाने तो रंगवून सांगितला, नातीच्या आवाजासकट. आता तो चांगला सांगायला लागलाय. एक चुलत वहिनी हसतहसत मला म्हणाली, "मंग येवरा वेल तू तिथं काय केलंस गो?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. बाकीचेही.

"बसले होते," मी म्हटलं.

तेवढ्यात बेंजो सुरू झाला आणि सगळे नाचायला उठले.