दोघींत एक शाल

बॅडमिंटनमध्ये ट्रॉफी जमवायला वर्षं जातात. किस्से जमवायला फक्त डबल्स खेळावं लागतं, आणि तेही सिंधुदुर्गातून. मी आणि सायली चार वर्षं जोडीने खेळलो. सकाळी शिकवायचं, दुपारी आपण खेळायचं, ह्याच खेळावर जगायचं, असं कॉलेज संपताना दोघींनी ठरवलं होतं. आता कुठेही चार जण जमले की फर्माईश होते, "तेजू, तो शालीचा सांग ना." सांगते. हसायचं तर हसा.

जिल्ह्याची डबल्स जिंकलो तेव्हा कुडाळात सत्कार होता. सिंगल्सवाल्या मुलीला शाल आणि नारळ मिळाला. मग आमची नावं पुकारली, तर ताटात शाल एकच! सूत्रसंचालक पाहुण्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "जोडीचा बक्षीस एकच आसा." पाहुण्यांनी शाल उलगडली आणि आम्हा दोघींच्या खांद्यांवर मिळून पांघरली. फोटो निघाला. तो बघून सायलीची आई म्हणाली, "लग्नात अंतरपाट तरी धरतत. हयसर थेट संसारच लावून दिल्यानी."

आमचा हॉल बहुउद्देशीय. म्हणजे बॅडमिंटन सोडून सगळे उद्देश. आज लग्न, उद्या प्रदर्शन, परवा शिबिर. शेवटी वेंगुर्ल्यात सायलीच्या मामाच्या काजूच्या गोदामात आम्ही जाळी बांधली. छप्पर इतकं खाली की उंच मारलेलं शटल वरच्या लोखंडात अडकायचं. म्हणून आम्ही सगळं सपाट आणि जोरात, जाळीला घासून मारायला शिकलो. पुण्यातल्या एका स्पर्धेत तिथला एक कोच खास भेटायला आला. "काय फ्लॅट गेम आहे तुमचा. कुठली अकॅडमी?"

सायली म्हणाली, "काजूची."

त्याने तिथल्या तिथे फोनवर शोधली.

मग खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीसाठी एका ऑफिसात गेलो. साहेबांनी आमची प्रमाणपत्रं उलटसुलट करून पाहिली. "जिल्हा चालत नाही. राज्यस्तरावर खेळल्याचं आणा. आणि डबल्समध्ये तुम्ही किती खेळलात, ह्या किती खेळल्या, हे आम्ही कसं ठरवायचं?"

मी भांडायला तोंड उघडलं. सायलीने माझा हात दाबला आणि अगदी आदराने विचारलं, "साहेब, दोघांनी वल्हवली तर होडी धक्क्याक अर्धीच लागता काय?"

साहेब म्हणाले, "पुढचे."

बाहेर पायरीवर बसून ती म्हणाली, "माका ही नोकरी होयी, तेजू. घरची माणसा ह्याच वर्सापुरती थांबतली. मगे रॅकेट खुंटीक आणि मी बोहल्यार." त्या वर्षी राज्याला जायचंच, असं आम्ही तिथेच ठरवलं. दोघींनी.

निवड चाचणीला आठ दिवस असताना जिल्हा संघटनेच्या निवड समितीने जोड्या फोडल्या. समितीत एक आंबा बागायतदार होते. त्यांनी मला समजावलं, "चेडवा, दोन बरी कलमा एकाच खड्ड्यात कोण लावता? वेगळी लावली तर दोन झाडा होतली."

माझ्या वाट्याला संघटनेच्या अध्यक्षांची पुतणी आली. सायलीला देवगडची एक नवखी मुलगी दिली. मी तीन पानी निवेदन लिहिलं. डबल्स म्हणजे दोन चांगल्या खेळाडूंची बेरीज नव्हे, समज घडायला वर्षं लागतात, वगैरे. अध्यक्षांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, पटलं.

"अक्षर बरा आसा तुझा," ते म्हणाले, आणि कागद फाइलला लावला.

मी चाचणीवर बहिष्कार घालायला निघाले होते. सायलीने अडवलं. "खेळूया गो. फायनलात भेटू."

भेटलो. जिंकेल ती जोडी राज्याला, हरेल ती घरी. तिसरा गेम, वीस-एकोणीस, मॅच पॉइंट माझा आणि पुतणीचा.

चार वर्षं आमच्यात एक ठरलेलं होतं. दोघींच्या मधोमध आलेलं शटल माझं, सायलीने बाजूला व्हायचं. त्यात विचार नसायचा, पायच ते करायचे.

रॅली लांबली. सायलीने उचललेलं शटल अगदी हवं तसं माझ्या डोक्यावर आलं. तिच्या बाजूची कड पूर्ण मोकळी होती. मी त्या दोघींच्या मधोमध मारलं.

सायली बाजूला झाली.

शटल पडलं. देवगडची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सायलीताई, सोडलंस कित्याक? ता तुझाच होता."

सायलीने ते शटल उचललं. मग जाळीपाशी आली, हात मिळवला आणि हळूच म्हणाली, "कड मोकळी होती मा गो?"

मी म्हटलं, "माका दिसाक नाय."