मावशी, ताक द्या

डिसेंबरात नागपूरहून कॉलेजातले दोन मित्र आले आणि त्यांनी लोहगडाचा हट्ट धरला. मी मुद्दाम गुरुवार ठरवला. माझी सख्खी मावशी गडाच्या पायऱ्यांपाशी ताक विकते, पण फक्त शनिवार-रविवारी. ती भेटू नये म्हणूनच गुरुवार, हे आता कशाला लपवू? नववी-दहावीची दोन वर्षं मी तिच्या घरी जेवलो-झोपलो. मित्रांना मात्र आमचं सगळं पुण्यातलंच, असं सांगत आलो होतो.

मळवलीहून चालत निघालो. थंडी चांगलीच बोचत होती, गवत वाळून पिवळं पडलं होतं. वाटेत एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "कुटं, गडावं व्हय?" ते पुढे गेल्यावर मित्रांनी त्यांची नक्कल सुरू केली. त्यांना ती धड जमेना, तेव्हा मीच करून दाखवली. माझी अर्थातच हुबेहूब उतरली. दोघं पोट धरून हसले आणि मला, खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

पायऱ्यांपाशी मावशी बसली होती. शाळांच्या सहलींचे दिवस, म्हणून ती रोजच येऊ लागली होती आणि मला पत्ताच नव्हता. मला पाहून तिचा चेहरा फुलला. पदर सावरत ती उठायला लागली. आता ती मला हाक मारणार, तीही त्याच बोलीत, जिची मी मघाशी टर उडवली होती. मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, तीन ग्लास ताक द्या."

गडावर येणारा प्रत्येक जण तिला मावशीच म्हणतो. मित्रांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण जन्मात मी तिला 'द्या' म्हटलं नव्हतं. आमच्यात नुसतं 'दे' आणि 'आण'. ती अर्धवट उठलेली तशीच थांबली, मग खाली बसली. ग्लास विसळून म्हणाली, "घ्या, साहेब."

"हा म्हणे नेहमी येतो इकडे," एक मित्र म्हणाला. "ओळखता का याला?"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लय लोकं येत्यात. कुणाकुणाला वळखायचं?"

वर काय पाहिलं ते आठवत नाही. मित्र फोटो काढत होते आणि मला स्वतःची किळस येत होती. उतरताना तिच्या जागी शेजारची बाई बसली होती.

शुक्रवारी मित्रांना गाडीत बसवलं आणि तडक मावशीचं घर गाठलं. माफी कशी मागायची ते वाटभर घोकत होतो. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानेच उठली आणि माझ्यामागे आणखी कुणी नाही ना, हे दारातून डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "न्हाई ना कळलं रं त्यास्नी? मी बराबर बोलले ना?"