पंख्याच्या बटणावरचा पहारा

लालबागच्या आमच्या चाळीत मी एकच पराक्रम केलाय. एका बटणाला पाठ लावून उभा राहिलो. सीमेवरच्या जवानाला निदान शत्रू दुरून येताना दिसतो. माझा शत्रू आमच्याच चाळीचे अध्यक्ष होते, आणि ते माझ्या शेजारीच उभे होते.

त्या वर्षी वादळ आलं आणि तळमजल्यावर पाणी शिरलं. किती? पहिल्या मजल्यावरच्या एकानं कठड्यावरून गळ टाकून बांगडा काढला, असं मी तरी सगळ्यांना सांगतो. पण तळमजल्यावरच्या ताईची खोली छातीपर्यंत भरली होती, हे खरं. ही ताई रांगोळीत माणसांचे हुबेहूब चेहरे काढायची, त्यावरच मायलेकींचं घर चालायचं. रंगांचे सगळे डबे पाण्यात उपडे झाले. तिनं तो चिखल फडक्यानं गाळला, गच्चीवर ताटांत वाळवला. निघाला एकच रंग, धड राखाडी नाही, धड जांभळा नाही.

मग आम्ही पूरग्रस्त कलाकारांसाठी चाळीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. भिंतीवर चित्रं, टेबलांवर मूर्ती, आवडेल ते विकत घ्या. पण रांगोळी घरी कोण नेणार, आणि कशी? ताईची सगळी आशा उद्घाटनाच्या पाहुण्यांवर होती. त्या बाई दादरला चित्रकलेचे वर्ग चालवायच्या आणि त्यांना रांगोळी शिकवायला कायमची शिक्षिका हवी होती. काम बघून ठरवू, एवढाच निरोप आला होता.

हॉलच्या मधोमध ताईनं आपली बुडालेली खोलीच काढली होती. कॉटवर पाय वर घेऊन बसलेली आई, आणि खाली ते गढूळ पाणी, त्याच गाळलेल्या रंगाचं. रांगोळीला ना डिंक, ना खळ. वारा लागला की खेळ खलास. म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद, आणि बटणापाशी मी.

पाहुण्या येईनात. आत एवढा घाम गळत होता की दुसरा पूर येणार अशी मला खात्री वाटायला लागली. कोपऱ्यातली आजी ओरडली, "अरे मेल्या, पंखो लाव! माझो जीव घुसमटता!"

"आजी, थोडा वेळ फक्त!"

"तोवर मी वर जातंय!"

कोणी हसलं नाही. ताई रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीपाशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

शेवटी बाई आल्या, घामानं डबडबलेल्या. आमचे अध्यक्ष म्हणजे पाहुणचाराची मशीन. पाहुणा दिसला की पंखा, पाणी, शाल, नारळ, याच क्रमानं चालू होते.

"अरे, पंखा लावा रे! काय लाज आहे की नाही?" ते थेट माझ्या अंगावर आले. "बाजूला हो."

"काका, हात नका लावू. बोर्डात पुराचं पाणी गेलंय. करंट मारतोय."

"सकाळी तर चालू होता!"

"सकाळी मी चप्पल घालून होतो." आणि मी अख्खं अंग थरथरवून दाखवलं.

काका मागे सरले. मी लढाई जिंकली. शाल मात्र मी पार विसरलो होतो.

काकांनी ती घेतली आणि कोळ्यानं जाळं फेकावं तशी हवेत झटकून उघडली. भप्पकन वारा सुटला. रांगोळीतलं पाणी जागेवरून उठलं आणि आईच्या चेहऱ्यावर जाऊन बसलं.

काका शाल धरून तसेच उभे, वाळत घातल्यासारखे.

मला वाटलं, ताई आता रडणार. ती दोरीखालून आत गेली, उकिडवी बसली आणि श्वास रोखून मोराच्या पिसानं चेहऱ्यावरची धूळ बाजूला करायला लागली. बाई दोरीपर्यंत आल्या.

"रंग कुठला हा?"

"पुरातला," ताई मान वर न करता म्हणाली. "सगळे डबे एक झाले ना."

"नीट होईल?"

"कोणी हललं नाही तर होईल."

बाईंनी काकांच्या हातातली शाल काढून घेतली, घडी केली, जमिनीवर टाकली आणि तिच्यावर बसल्या. मग काय, अख्खा हॉल पुतळ्यासारखा. आजीसुद्धा वर जायचं थांबली. ताईच्या चिमटीतून पुन्हा भुवई उतरली, मग डोळा, मग दुसरा. बाईंच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, तो त्या पदरात झेलत होत्या, रांगोळीवर पडू नये म्हणून.

उठताना ताईला म्हणाल्या, "शनिवारी या. आमच्या वर्गाच्या खिडक्या नीट लागत नाहीत, त्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा."

ताईला कळायला वेळ लागला. आजीला लागला नाही. "अगो, नोकरी गावली तुका!"

दुसऱ्या दिवशी काकांनी बोर्डासाठी वायरमन आणला. प्रदर्शन अजून चालूच होतं, रांगोळी जमिनीवरच होती. त्यानं बोर्ड खोलला, तपासला, पुन्हा तपासला. म्हणाला, "काय नाय यात."

मी बोट लावलं आणि "आई गं!" करून असा किंचाळलो की तो बिचारा स्टुलावरून उतरला. प्रदर्शन संपेपर्यंत त्या बोर्डाला कोणी हात लावला नाही.