दोनदा हॉर्न

परवा मुलीने नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि शिशाच्या त्या वासाने मला बुलडाण्याच्या आरटीओबाहेरची एक दुपार आठवली. बऱ्हाणपूरहून आणलेली जुनी गाडी माझ्या नावावर व्हायची होती. एजंट चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत होता आणि काळ्यातून एकेक आकडा वर येत होता. आता फक्त गाडीच्या आधीच्या मालकिणीच्या मोबाईलवर गेलेला ओटीपी हवा होता. नवरा वारल्यापासून ती बाई एकटी राहायची, त्यात कमरेतून अधू, पलंगाला खिळलेली. चावीसुद्धा तिने उशाखालून काढून दिली होती. तिच्या घराबाहेरचं गंजलेलं फाटक तेव्हा मीच उघडलं होतं, आणि ते केवढ्यांदा किंचाळलं होतं! मी फोन लावून स्पीकरवर टाकला. तिने आकडे सांगितले, मग म्हणाली, "भाऊ, हॉर्न वाजवता का जरा? हे घरी आले का दोनदा वाजवत होते, अन् मी धावत जाऊन फाटक उघडत होती." एजंट हसला. "वाजवा ना भाऊ, बरं वाटीन तिले." मी दोनदा वाजवला.  फोनमधून तिचं फाटक किंचाळलं, तेच, लांबलचक. एजंटाची पेन्सिल थांबली. "भाऊ," बाई अगदी हळू म्हणाली, "मी त पलंगावरच हावो." आणि फोन कटला. गाडीला आता आमच्याकडचा नंबर आहे, चालतेही झकास. पण घरी आलो की मी हॉर्न वाजवत नाही, उतरून फाटक स्वतः उघडतो. इथे वाजवला आणि तिकडे पुन्हा फाटक उघडलं तर? ती एकटी असते.