ज्याची बातमी, त्याच्या दारी

चष्मा कपाळावर सारून ते हातातला कागद डोळ्यांजवळ धरत आणि म्हणत, "आधी आयका, मंग रागवा."

हे वाक्य ते ज्याच्याविरुद्ध बातमी असे, त्याच्याच घरी बसून म्हणत. अकोल्याच्या जुन्या शहरातून निघणाऱ्या आमच्या साप्ताहिकाचे ते संपादक. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तेथे मुद्रिते तपासत असे. छापण्यापूर्वी बातमी वाचून दाखवण्याची ही रीत मला भिडस्तपणाची वाटे. तसे मी बोललो.

"गुरुजी, मांगून वार करायले आपण काय चोर आहो का?"

वाचकहो, असा दुसरा संपादक आपण पाहिला असेल तर कळवावे. मी पाहिलेला नाही.

सरकारला प्रश्न सोसवेनासे झाले होते. प्रथम जाहिराती बंद झाल्या, मग चौकशीची नोटीस आली. अंकाच्या आठ पानांची चार झाली. ते म्हणाले, "बरं झालं. पुढाऱ्यायच्या वाढदिवसाचे फोटो गेले."

बार्शीटाकळीकडील एका गावात नळयोजनेचे उद्घाटन थाटात झाले. नळाला पाणी नव्हते. ती बातमी घेऊन आम्ही सत्ताधारी पक्षाच्या नेत्याकडे गेलो. त्याने शेवटपर्यंत ऐकली.

"हे छापलं तं तुमचा पेपर बंद करून टाकीन."

संपादकांनी पेन काढले. "बंद करून टाकीन. आखीन काही?"

"लिहून काहून राहिले?"

"तुमची बाजू हाय न. शेवटी टाकतो."

चहा आला. तो मात्र गोड होता.

दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकाने हात जोडले. "भाऊ, माह्या मशीनवर नका छापू. मले फोन आला." शहरातील इतर मुद्रकांनीही नकार दिला. एक अंक चुकला असता तर साप्ताहिक बंद पडल्याची आवई उठली असती, आणि मग ते खरोखरच बंद पडले असते. मालकाला संपादक एक शब्दही उणा बोलले नाहीत. सकाळच्या बसने अमरावतीला गेले. तेथील मुद्रकालाही त्यांनी आधी बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, "यात खोटं काय हाय? द्या इकडे."

संध्याकाळी मी अकोल्याच्या बसस्थानकावर उभा होतो. बस आली. खिडकीतून पाहिले, तर आसनावर अंकांचे गठ्ठे आणि शेजारी दांडी धरून संपादक उभे.

कंडक्टर वैतागला होता. "गुरुजी, सांगा यायले काही. तिकीट काढून अमरावतीपासून उभे हायेत!"

"खाली चिखल हाय न बापा," ते म्हणाले.

बातमीच्या शेवटी नेत्याची बाजू शब्दशः छापलेली होती. शहराने प्रथम तीच वाचली.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. अंक अजून अमरावतीहून छापून येतो. आता त्यांची सून संपादक आहे. तिचे अग्रलेख मला लांब वाटतात. तसे मी तिला सांगतो. ती निमूट ऐकते आणि तेवढेच लांब लिहिते.

शनिवारी सकाळी अंक दारात पडतो. तो आवाज झाल्याखेरीज मी चहा घेत नाही.